अजून दोनदा विचारायचं राहिलंय

नको, नको, खुर्ची राहू दे गं रॉक्सॅन, मी उभ्याउभ्याच बोलते, पाच मिनिटांचं तर काम... नाही, खरंच नको, इथं सगळ्यांचे हातपाय मोडलेत आणि मी एकटी ऐटीत बसून बोलू होय? ... काय? फोन? मग जा ना, घे तू फोन, आमची नको काळजी करूस... गेली! बघितलंत? गेली की हो! दोनदा विचारलं आणि चालली! अहो, जे सांगायला या बाईनं मला इथं बोलावलंय, तेच ती स्वतः... जाऊ दे. उभीच बरी आहे मी.

तर मी आर्डिस. आर्डिस ब्योर्कलंड. वय चौऱ्याहत्तर, उजव्या मांडीत ही एवढी लांब सळई, गेल्या हिवाळ्यात याच वॉर्डात त्या खिडकीजवळच्या खाटेवर तीन आठवडे आणि वर एक दिवस काढला. आता दर मंगळवारी येते, तुमच्यासारख्या नव्यानं मोडलेल्यांशी बोलायला. ही रॉक्सॅनचीच कल्पना बरं का. ती आपली इथली व्यायाम करून घेणारी, फिजिओ, मूळची न्यू जर्सीची, म्हणजे तोंडात सतत च्युइंगगम आणि बोलणं कसं तर सुतारानं खिळा ठोकल्यासारखं. ती म्हणाली, "आर्डिस, मी घसा फोडून सांगते ते यांना पटत नाही, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील." मी म्हटलं, छे, मला कुठं बोलता येतं. ती म्हणाली, याच ना. मी म्हटलं, नको गं, दुसरं कुणी बघ. मग तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आले. तोपर्यंत तिला कळलं होतं ना सगळं! पण थांबा, मी गाडीच्या पुढं घोडा बांधायचा तर मागं बांधतेय.

आधी मला सांगा, तुमच्यात बाहेरगावचं कोण आहे? तुम्ही? कुठले? फिनिक्सचे! अच्छा, बर्फावरची मोटार झाडावर घातलीत ते तुम्ही होय! आलं होतं कानावर. छान छान. म्हणजे छान नाही, पण भेटून आनंद झाला. तर तुमच्यासाठी सांगते, कारण बाकीच्यांना याचं बाळकडूच मिळालंय. आमच्या या उत्तर मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, कॉफी म्हणा, वडी म्हणा, गाडीतून सोडू का म्हणा, की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नको'. आणि तिसऱ्यांदा विचारलं की मग म्हणायचं, 'बरं, अगदी थोडंसं.' पहिल्याच हाकेला 'हो' म्हणणारा माणूस आमच्याकडे... नाही, वाईट म्हणत नाही कुणी, तोंडावर तर नाहीच, पण तो घरी गेल्यावर एवढं नक्की म्हणतात, 'भूक चांगली आहे हो त्याला.' तीनदा! तीनदा विचारायचं असतं!

आणि माझं हाड मोडलं तेसुद्धा याच्यापायीच, तुम्हाला सांगते! लाव्हॉन आली होती, माझी शेजारीण, पन्नास वर्षांची मैत्रीण. खजुराच्या वड्या केल्या होत्या मी, तीन ट्रे, म्हटलं, घेऊन जा चार. 'नको गं.' दाराशी पुन्हा म्हटलं, घे ना. 'नको, पुरे, मागच्याच आहेत.' आणि तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात आमचं काय झालं, पाद्रीबाईच्या नव्या केसांवर विषय निघाला, तो रंगला, आणि त्या नादात लाव्हॉन गेली की बाहेर, गाडीत बसली, गाडी चालू केली! आता मला सांगा, तिसरं विचारायचं राहिलेलं, वड्या ताटात, ती मनात काय म्हणेल? की आर्डिसला द्यायच्याच नव्हत्या! मग मी ते ताट घेऊन तशीच घरातल्या सपाता घालून धावले. बाहेर तीन पायऱ्या. त्यांच्यावर बर्फ. माझं तोंड उघडं, 'लाव्हॉन, खरंच नको का...' एवढं म्हणाले आणि तिन्ही पायऱ्या एका उडीत उतरले. वड्या सगळ्या वाचल्या हं! ताट मी असं वर धरलं होतं.

लाव्हॉन गाडीतून उतरली, धावत आली, माझ्याजवळ गुडघे टेकले. म्हणाली, "आर्डिस, ॲम्ब्युलन्स बोलावू?" मी म्हटलं, "छे छे, तू निघ, तुला उशीर होईल." ती म्हणाली, "अगं, बोलावते ना." म्हटलं, "नको गं, त्या बिचाऱ्यांची जेवायची वेळ असेल." मग तिनं माझ्या पायाकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाली, "आर्डिस, तुझं पाऊल मागं बघतंय." तेव्हा मी म्हटलं, "बरं. जमलं तर बोलव." तीनदा! झालं ना काम? किती वेळ लागला? फार तर दीड मिनिट. ही पद्धत चालते हो, दोन्ही बाजूंना माहीत असली की लोण्यासारखी चालते. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी चार चार वड्या खाल्ल्या, तिसऱ्यांदा विचारल्यावर.

पण मग मी इथं आले. ऑपरेशन झालं, सळई घातली, टाके घातले, आणि तिसऱ्या दिवशी मला या वॉर्डात आणून सोडलं. सकाळी नर्स आली. गोड मुलगी, आपल्याच गावची, तिच्या आजीबरोबर मी चर्चच्या स्वयंपाकघरात बटाटे सोललेत. म्हणाली, "आर्डिस, अर्ध्या तासानं व्यायाम आहे, दुखण्यावरची गोळी देऊ?" मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको, राहू दे, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल." ती म्हणाली, "बरं." आणि गेली!

गेली हो! मी उशीवरून मान वर करून बघतेय, आता वळेल, मग वळेल... दारातून वळली ती थेट शेजारच्या खोलीत! अहो, हीच मुलगी स्वतःच्या घरी पाहुण्याला वीसदा आग्रह करेल, पण इथं यांना शिकवलंय की पेशंट नको म्हणाला म्हणजे नको, पुन्हा विचारणं म्हणजे जबरदस्ती, फाइलमध्ये लिहायचं आणि पुढं जायचं. दुपारी दुसरी नर्स आली. "गोळी?" "नको." "बरं." आणि गेली! तुम्ही म्हणाल, झालं की दोनदा, आता तिसरी येईल तिला हो म्हणा. अहो, असं नसतं! माणूस बदलला की मोजणी पहिल्यापासून! एकीनं एकदा विचारलं आणि दुसरीनं एकदा, त्याचे दोन कसे होतील? तिला काय माहीत पहिलीला मी काय म्हटलं? तिच्या लेखी तर मी पहिल्याच हाकेला गोळी उचलणारी बाई ठरणार! आणि इथं दिवसाला तीन पाळ्या, दर पाळीला नवी नर्स. मी सांगते, नऊ दिवस, नऊ दिवस मी गोळीची पहिली पायरी ओलांडली नाही.

आणि ते आकडे! तुम्हालाही विचारत असतील ना? 'शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?' मी सांगायची, दोन. आता दोनच सांगणार ना? शून्य म्हटलं तर खोटं, एक म्हटलं तर फुशारकी. दोन कसं, अंगाबरोबर बसतं. दहा म्हणजे काय हो? दहा म्हणजे जगबुडी! माझ्या लेकीच्या, हायडीच्या वेळेला मी एकोणीस तास अडले होते, तेव्हा मी चार म्हटलं होतं, आणि त्याचीसुद्धा नंतर लाज वाटली. तुम्ही त्या निळ्या शर्टातले, तुम्ही किती सांगितलं आज सकाळी? ... दोन! बघा! आणि कंबर मोडलीय माणसाची!

मग रॉक्सॅनकडे व्यायाम. तो तिकडे जिना दिसतोय ना, लाकडी, चार पायऱ्या चढायच्या, वर काहीच नाही, चार उतरायच्या. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं, बांधता बांधता सुतार पळाला. तर म्हणायची, "चला, आर्डिस, चांगला पाय आधी!" मी कठड्याला धरायची, पाय उचलायची, आणि मांडीत असं काही व्हायचं... कसं सांगू, आतून कुणी गरम पळी फिरवतंय. डोळ्यापुढं काजवे. मी म्हणायची, "आज राहू दे का गं?" ती म्हणायची, "दुखतंय?" "छे, असं काही नाही." "मग चढा!" "उद्या बघू या." ती च्युइंगगम चघळत माझ्याकडे बघायची, फाइलकडे बघायची. बरोबर आहे हो तिचं! फाइलमध्ये काय? दुखणं दोन. गोळी नको म्हणाली, सत्तावीस वेळा. चालणं, चार पावलं. जिना, शून्य पायऱ्या. आता न्यू जर्सीच्या माणसानं यातून काय काढायचं? तिनं काढलं. आणि लिहिलं. चुकून फाइल माझ्या पायाशी राहिली तेव्हा मी वाचलं ते. 'पेशंटमध्ये इच्छेचा अभाव.'

मला रडू आलं. सांगते ना, खरंच आलं. मी, आर्डिस ब्योर्कलंड, जिनं एक्केचाळीस वर्षं शाळेची बस चालवली, उणे तीसमध्ये चालवली, तिच्यात इच्छेचा अभाव! आणि इच्छा तर मला एकच होती हो. घरी जायचं. माझ्या घरात बाहेर त्या तीन पायऱ्या आणि आत निजायच्या खोलीपर्यंत अकरा. त्या अकरा पायऱ्यांचा कठडा माझ्या नवऱ्यानं, लाइलनं केलाय, बर्चच्या लाकडाचा, स्वतःच्या हातानं, जाऊन सहा वर्षं झाली त्याला, पण त्या कठड्यावर सातव्या पायरीपाशी हात ठेवला की अजून कळतं की इथं त्यानं घासायचा कंटाळा केला. मी त्याला म्हणायची, पूर्ण कर. तो म्हणायचा, उद्या. आता मी तिथं रोज रात्री हात ठेवते. ठेवायची. आणि इकडे माझी लेक हायडी, शहरात राहते, रोज फोन, "आई, तुला जिना चढता येत नसेल तर कसं होणार? आमच्या जवळ एक जागा बघितलीय मी, लिफ्ट आहे, जेवण खाली मिळतं, दर बुधवारी बिंगोचा खेळ!" चांगल्या मनानं म्हणते पोरगी. मी म्हणायची, "बघू या." आता आमच्याकडे 'बघू या' म्हणजे 'मेले तरी नाही', पण हायडी वीस वर्षं शहरात, ती विसरलीय. तिला वाटलं, आई तयार आहे! तिनं पडद्यांचं माप घेतलं!

तर ठरलं असं की तीन आठवडे झाले की गुरुवारी बैठक. बाहेरून एक मोठे डॉक्टर येतात, व्हिटेकर म्हणून, ते ठरवणार. आर्डिस चार पायऱ्या चढली तर घरी. नाही चढली तर बिंगो.

आणि दहाव्या दिवशी देवानं लाव्हॉनला सकाळी पाठवलं. एरवी ती यायची दुपारी, रॉक्सॅन घरी गेल्यावर. पण त्या दिवशी दुपारी वादळ सांगितलेलं, म्हणून आली सकाळीच, हातात झाकलेली हॉटडिश, तीच आपली, खाली खिमा न् घेवडा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे. रॉक्सॅन माझा गुडघा वाकवत बसली होती. मी लाव्हॉनला म्हटलं, बस. नको. बस ना. नको गं, निघायचंच आहे. अगं बस. बरं, दोन मिनिटं. बसली. मग तिनं कोट काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दुखतं का गं?"

"छे."

"थोडंसं?"

"असं काही नाही."

"आर्डिस. खरं सांग, दुखतंय?"

मी म्हटलं, "लाव्हॉन, जीव जातोय गं माझा. रात्री उशी चावते मी. वाटतं, पाय कापून टाकला असता तर बरं झालं असतं."

ढप्प! रॉक्सॅनच्या हातातून माझा पाय पडला. म्हणजे पलंगावर पडला, पण पडला! ती उभी राहिली. "काय? काय म्हणालात? आत्ता अर्ध्या मिनिटापूर्वी तुम्ही 'छे' म्हणालात!" मी म्हटलं, "हो, ते पहिलं होतं." "पहिलं म्हणजे?" लाव्हॉननं तिला शांतपणे सांगितलं, जसं मी आता या फिनिक्सवाल्यांना सांगितलं तसं. रॉक्सॅनचा चेहरा... तुम्हाला सांगते, तो चेहरा मी विकत घेतला असता. "तीनदा? तीनदा विचारायचं? आणि सत्तावीस वेळा तुम्हाला एकेकदाच विचारलं?" म्हटलं, हो. "मग सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "अगं, विचारलं नाहीस ना."

ती काही बोलली न्यू जर्सीच्या भाषेत, ते मी इथं सांगत नाही. मग च्युइंगगम कचऱ्यात टाकलं आणि निघाली वॉर्डभर! पलीकडच्या खोलीत ऑर्व्हिल होता, खुबा मोडलेला, दूधवाला गडी, सहा फूट चार इंच. "ऑर्व्हिल, काही हवंय?" "नाही." "काही हवंय?" "नाही, मजेत आहे." "ऑर्व्हिल! काही हवंय?" तर तो पलंगाची गादी बघत म्हणतो, "ते... एक उशी मिळाली असती पायाखाली, पण घाई नाही." आठ दिवस! आठ दिवस तो माणूस पायाखाली स्वतःचे बूट घेऊन झोपत होता! पुढच्या खोलीतल्या बाईला चष्मा हवा होता, व्यायामाचा कागद तिला वाचताच येत नव्हता, ती नुसती मान हलवायची. एकाला वॉकर दोन इंच ठेंगणा होत होता, बिचारा कमरेत वाकून चालायचा, आणि फाइलमध्ये लिहिलेलं, 'पेशंट खालमानेनं चालतो, उदास वाटतो.' अख्खा वॉर्ड शिष्टाचारानं मरत होता हो!

दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा. प्रत्येक फाइलवर हा एवढा मोठा तीनचा आकडा. नर्सनं तीनदा विचारायचं, तिघींनी एकेकदा नाही, एकीनंच तीनदा. पाळी बदलताना एकमेकींना सांगायचं, 'माझं दोनदा झालंय, थांब, तिसरं विचारूनच निघते.' आणि ते शून्य ते दहा बंद! त्याऐवजी रॉक्सॅन विचारायची, "आर्डिस, बस चालवता आली असती का आज? ब्रेकवर पाय दाबता आला असता?" आता याला खोटं कसं सांगणार? बसमध्ये मुलं असतात! मी म्हटलं, "नाही गं, आज मी बस काढली नसती." तिनं लिहिलं. त्या सकाळी मला गोळी मिळाली. तीनदा विचारून, 'बरं, अर्धी द्या' म्हटल्यावर अख्खी मिळाली. आणि अर्ध्या तासानं मी त्या लाकडी जिन्यापाशी उभी राहिले, पाय उचलला, आणि पळी नाही! दुखलं, नाही असं नाही, पण ते आपलं दुखणं होतं, ओळखीतलं. एक पायरी चढले. रॉक्सॅन ओरडली अशी की ऑर्व्हिलचा वॉकर सटकला. दोन दिवसांत दोन पायऱ्या. आठवड्यात चार. वॉर्डातले सगळे असे भराभर चालायला लागले की मोठ्या हॉस्पिटलातून दोघं बघायला आली, विचारतात, कुठलं नवीन मशीन आणलंत? त्यांना कॉफी विचारली आम्ही. 'नको' म्हणाले. आम्ही तीनदा विचारलं. घेतली.

आता तुम्ही म्हणाल, आर्डिस, मग झालं की, गेलीस घरी. थांबा! गुरुवार यायचाय अजून.

गुरुवारी बैठक. या टेबलाच्या त्या टोकाला डॉक्टर व्हिटेकर, हातात पेन, पुढं अकरा फाइली, नजर घड्याळात. हायडी फोनच्या पडद्यावर, मागं त्या मापानं आणलेले पडदे, निळी फुलं. रॉक्सॅन भिंतीशी. आधी जिना झाला, चढले मी, चारही, उतरले. डॉक्टर म्हणाले, "उत्तम." बसले. फाइल उघडली. आणि माझ्याकडे न बघता विचारतात, "मग आर्डिस, उद्या घरी जायचं का? की मुलीकडच्या त्या जागेत जाणं सोयीचं?"

आणि माझं तोंड, हे माझं स्वतःचं तोंड, चौऱ्याहत्तर वर्षं घासूनपुसून वापरलेलं, ते म्हणालं, "अहो, माझ्यासाठी कशाला धावपळ? मी काय, कुठंही राहीन."

डॉक्टर म्हणाले, "बरं." आणि पेन चाललं!

पेन चाललं हो! मला इकडून उलटं दिसतंय, 'पेशंटची काही हरकत...' आणि हायडी पडद्यावर टाळ्या वाजवतेय, रॉक्सॅन भिंतीपासून सुटलीय, तोंड उघडलंय, पण डॉक्टरांनी फाइल मिटली, पुढची ओढली, ऑर्व्हिलची! आणि मला तो कठडा दिसला. सातवी पायरी. उद्यापासून तिथं कुणाचा हात पडणार? घर विकलं तर येणारा माणूस पहिल्या दिवशी तो खडबडीत तुकडा घासून काढेल, आणि लाइलचं घरात तेवढंच तर उरलंय. मी उठले. वॉकर न घेता उठले, हे मला नंतर लाव्हॉननं सांगितलं, तिला रॉक्सॅननं. आणि ओरडले. मी! ओरडले!

"डॉक्टर! अजून दोनदा विचारायचं राहिलंय!"

डॉक्टर म्हणाले, "काय राहिलंय?" रॉक्सॅन म्हणाली, "विचारा, डॉक्टर. नुसतं विचारा. मी हात जोडते." डॉक्टरांनी फाइल परत उघडली, मला आपादमस्तक बघितलं, म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी जायचंय का?"

आणि मी काय म्हणाले असेन? सांगा ना! मी म्हणाले, "नको हो, तुमचे कागद उगाच बदलायला लागतील..."

"आर्डिस!!" रॉक्सॅन, लाव्हॉन जी बाहेर दाराला कान लावून होती ती, आणि ऑर्व्हिल शेजारच्या खोलीतून, तिघंही एकदम! मी काय करू? दुसरं होतं ते! दुसऱ्याला 'हो' कसं म्हणणार, पुढं तिसरं असताना? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात टेबलावर ठेवले. एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुम्हाला... घरी... जायचंय का?"

मी म्हटलं, "बरं. तुमची हरकत नसेल तर."

आणि बसले. आणि रडले. आणि हायडीही रडली पडद्यावर, म्हणाली, "आई, तू मला कधी सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "बाळ, तू दर वेळी एकदाच विचारलंस." पडदे तिनं परत केले, आता येते महिन्यातून एकदा, आणि प्रत्येक गोष्ट तीनदा विचारते, वैताग आणलाय नुसता. शुक्रवारी लाव्हॉननं मला घरी सोडलं, गाडीतून तिसऱ्यांदा विचारून. अकरा पायऱ्यांना मला वीस मिनिटं लागली. सातवीवर मी थांबले जरा. तिथं अजून खडबडीत आहे.

तर सांगायचं काय, रॉक्सॅननं मला तुमच्यासाठी निरोप दिलाय, आणि तो असा, की आता इथल्या बायका तीनदा विचारतात, पण उद्या नवी येईल, बाहेरची येईल, ती एकदाच विचारेल, तिचा बिचारीचा काय दोष? म्हणून गोळी हवी असली तर पहिल्याच हाकेला हो म्हणा. उशी हवी असली तर हो म्हणा. दुखत असलं तर दुखतंय म्हणा, कुणी तुम्हाला भूक चांगली आहे म्हणणार नाही. हाड मोडलेलं असताना शिष्टाचार करायचा नसतो, तो हाड जुळल्यावर करायचा. अगदी सोपं आहे. एकदा विचारलं, की हो. कळलं ना सगळ्यांना? मी वीस मिनिटं या सळईवर उभी राहून सांगतेय, मांडीत नुसती कळ येतेय, पण तुम्हाला पटलं तर त्याचं काही नाही...

काय? काय म्हणालात, फिनिक्सवाले? ही खुर्ची? अय्या, चांगल्या पायानं ढकललीत की हो माझ्यापर्यंत! नको, नको, राहू द्या, माझं होतच आलंय...

बरं म्हणाले.

बरं म्हणाले आणि खुर्ची परत ओढून त्यांनी तिच्यावर प्लास्टरचा पाय ठेवला! बघा! बघा या माणसाला! वीस मिनिटं मी काय बोंबलत होते? आणि सुरुवातीला रॉक्सॅननं दोनदा विचारलं ते धरू म्हटलं तर तेही गेलं, माणूस बदलला ना!

असू दे. तुम्ही तरुण आहात, तुम्ही शिका हो म्हणायला. मी आपली उभी राहते.